दुष्काळी गावाचा नौकानयनपटू आणि घरातले आजारपण

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या गावाची ओळख पाण्यापेक्षा पाण्याच्या टंचाईनेच अधिक. त्या गावातला एक मुलगा वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जात असे आणि पुढे तोच २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव नौकानयनपटू म्हणून पाण्यावर उतरला, हे नाशिककरांना ठाऊक आहे. दत्तू भोकनळ हे त्याचे नाव. त्याच्या पदकांविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र त्याच्या कारकिर्दीकडे एका डॉक्टरच्या नजरेने पाहावेसे वाटते, कारण तिच्यात आपल्या घराघरांत असलेला एक प्रश्न दडलेला आहे.

२०११ मध्ये वडील गेले आणि थोरला मुलगा म्हणून संसाराचा भार दत्तूवर आला. शेतीची कामे, विहिरींचे खोदकाम, पेट्रोल पंपावरील नोकरी असे मिळेल ते त्याने केले. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला. पुण्याजवळ खडकीला केंद्र असलेल्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये त्याला घेतले गेले, आणि सहा फुटांहून उंच असलेल्या या जवानाची वल्ह्यांशी गाठ तेथेच पडली. कष्टाने शरीर कमावले जाते असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. पुरेसा आहार, विश्रांती आणि जाणकार प्रशिक्षक लाभले तरच कष्टातून खेळाडू घडतो; नाहीतर त्याच कष्टांनी चाळिशीत गुडघे आणि कंबर निकामी झालेली माणसे आमच्या दवाखान्यात रोज येतात. दत्तूला सैन्याने हे तिन्ही दिले.

नौकानयन हा हातांचा खेळ आहे, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः त्यात सर्वांत मोठे काम पायांचे असते. नौकेतील आसन रुळांवर मागे-पुढे सरकते. खेळाडू पावलांनी फळी रेटतो, मग पाठ आणि शेवटी हात वल्हे ओढतात. एकट्याने दोन वल्ही मारत दोन हजार मीटर जायचे, आणि हे अंतर साधारण सात मिनिटांत कापायचे. साठीनंतरच्या वाचकांनी यातून एवढे जरूर उचलावे की मांड्यांची ताकद ही साऱ्या शरीराची मिरास आहे. भक्कम, हातांच्या खुर्चीवर बसून, ती भिंतीला टेकवून, शक्यतो हातांचा आधार न घेता आठ-दहा वेळा उठावे आणि सावकाश बसावे. तोल जात असेल तर कोणी तरी जवळ उभे असावे. बाथरूममध्ये पडणे टाळायचे असेल तर याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

२०१५ मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत दत्तूने रौप्यपदक मिळवले. पुढच्या वर्षी ऑलिंपिकची पात्रता फेरी दक्षिण कोरियात व्हायची होती. त्याच वर्षी त्याच्या आईला दुचाकीवरून पडून डोक्याला गंभीर मार लागला आणि ती बेशुद्धावस्थेत गेली. वडील नाहीत, आई अशी, आणि सराव तर एक दिवसही चुकवता येणार नाही. तो कोरियाला गेला, पात्र ठरला आणि रिओलाही गेला.

आई रुग्णालयात असताना मुलाने जावे का? हा प्रश्न ऑलिंपिकपटूलाच पडतो असे नाही. पुण्याला किंवा परदेशी नोकरी करणारा मुलगा, परीक्षा जवळ आलेली नात, शाळेत शिकवणारी सून, रजा संपल्यावर हे सारेजण दबक्या आवाजात मला तेच विचारतात. बहुधा त्याआधीच कोणा नातेवाइकाने त्यांना दोन शब्द सुनावलेले असतात. माझे मत स्पष्ट आहे. रुग्णाच्या उशाशी चोवीस तास बसणे म्हणजेच सेवा, ही आपली समजूत रुग्णाच्या उपयोगाची नाही आणि घराच्याही नाही. दीर्घ बेशुद्धीचे आजारपण महिनोन्‌महिने चालू शकते. तेवढा काळ घरातील एकाच व्यक्तीने, आणि ती बहुधा सूनच असते, झोपेशिवाय काढला तर त्या घरात दुसरा रुग्ण तयार होतो. ज्याला जाणे भाग आहे त्याने जावे. मात्र रात्री कोण, दिवसा कोण, औषधांची वही कोणाकडे, डॉक्टरांशी कोण बोलणार, हे ठरवून जावे. तो दूर राहून खर्चाचा भार उचलत असेल तर तीही शुश्रूषाच आहे.

मागे राहिलेल्यांनी काय करावे, हे अधिक महत्त्वाचे. बेशुद्ध रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, टाचा आणि नितंब यांवरची त्वचा रोज उजेडात पाहावी. लाल झालेला, दाबूनही फिका न पडणारा डाग ही बेडसोअरची पहिली खूण असते. नाकातील नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू चांगली उंच ठेवावी आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्यावी, नाहीतर अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. तोंड दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ पुसावे. सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपिस्टकडून हालचाली शिकून घ्याव्यात. आणि रुग्णाशी बोलावे. प्रतिसाद नसला तरी ऐकू येतच नाही, असे कोणीही ठामपणे सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या खाटेजवळ खर्चाची आणि वाटणीची चर्चा तर कधीच करू नये.

शुद्ध आल्यावर पुष्कळदा दुसरी परीक्षा सुरू होते. डोक्याला मार लागलेला माणूस पोटच्या मुलालाही ओळखत नाही, वेळकाळ विसरतो, चिडतो. भेटायला येणारे मग हमखास विचारतात, “सांगा पाहू, मी कोण?” ही परीक्षा कृपया घेऊ नका. “आई, मी अमुक, तुमचा मुलगा, आत्ताच आलोय,” असे आपणच सांगावे आणि दहा वेळा सांगावे लागले तरी तितक्याच शांतपणे सांगावे.

येथे दुचाकीविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे मागे बसलेली आई किंवा आजी एका बाजूला पाय सोडून, एका हातात पिशवी आणि दुसऱ्याने पदर सावरत बसते. गतिरोधकावर गाडी उडाली की धरायला हात मोकळा नसतो. हेल्मेट चालवणाऱ्याच्याच डोक्यावर, तेही असले तर. मागे बसणाऱ्याच्या डोक्याचे हाड काही निराळे नसते. वयस्कर माणूस पडून उठला, चहा प्याला, म्हणून निर्धास्तही राहू नये. मेंदूभोवतीचा रक्तस्राव उतारवयात सावकाश साचतो. दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा डोकेदुखी, सुस्ती, बोलण्यात गोंधळ किंवा एका अंगाचा अशक्तपणा दिसू लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला मार लागल्यावर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

रिओत दत्तू उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. तेथे तो चौथा आला आणि पुढे जागा पहिल्या तिघांनाच होती. उरलेल्या क्रमांकांसाठीच्या शर्यतींत त्याने आपल्या गटाची अंतिम शर्यत ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली आणि एकूण तेरावे स्थान मिळवले. पदक नाही म्हणून ही कामगिरी लहान ठरत नाही. वल्हे हाती धरून त्याला तेव्हा मोजकीच वर्षे झाली होती.

२०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील नौकानयन इंडोनेशियातील पालेमबांग येथे झाले. तेथील दमट उष्म्यात भारतीय खेळाडूंची दैना उडाली. २३ ऑगस्टला एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तू पार थकून शेवटचा आला. त्याला ताप होता. २४ ऑगस्टला कांस्यपदक मिळवणाऱ्या दुष्यंतला तर धड उभेही राहवत नव्हते. त्याच २४ ऑगस्टला स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह दत्तू चौघांच्या नौकेत बसला आणि त्या नौकेने ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

त्या सुवर्णपदकाचा आनंद मलाही झाला, परंतु अंगात ताप असताना शर्यतीत उतरण्याचे कौतुक मी डॉक्टर म्हणून करणार नाही. तापात जबर व्यायाम केल्यास हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते. ताप आला की प्रभातफेरी बंद, आणि तो उतरल्यावरही काही दिवस सावकाशच चालावे. शिवाय वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. चैत्र-वैशाखात आजोबा ‘तहान नाही’ म्हणाले तरी पाण्याचा पेला त्यांच्या हाती द्यावा. लघवी गडद झाली, जीभ कोरडी पडली, बोलणे असंबद्ध झाले तर शरीरातले पाणी घटले असावे असे समजून लगेच डॉक्टरांशी बोलावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, अथवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर दिवसाला किती पाणी प्यावे याचे माप डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि तो कागद माठाजवळच लावून ठेवावा.