धुकं राखाडी, संध्याकाळ फिकी : गडावरचा फोटो मनासारखा का येत नाही?

"हे काय रे, नुसता धूरच दिसतोय!"

ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावरून आल्यावर आजीला मोबाईलमधले फोटो दाखवले, तेव्हा तिची ही पहिली प्रतिक्रिया. आजीचं माहेर ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात, कोकणकड्याच्या पायथ्याकडचं. लहानपणी गुरांमागे फिरताना तिने तो कडा रोज खालून पाहिला, पण वर कधी गेली नाही. आता गुडघे साथ देत नाहीत. तिला एवढंच बघायचं होतं, की वरून आपलं गाव कसं दिसतं. आणि माझ्याकडे होते १४० फोटो, सगळे राखाडी.

मित्रांनो, हे तुमच्याबरोबरही झालं असेल. कड्यावर उभं असताना पोटात गोळा येतो, अंगावर काटा येतो, आणि घरी येऊन बघावं तर फोटोत त्यातलं काहीच नाही. मग आपण कॅमेऱ्याला नावं ठेवतो आणि नवीन फोनचे रिव्ह्यू बघत बसतो. पण बऱ्याचदा फोन बदलायची गरज नसते. प्रत्येक फोटोमागे फोन आपल्याला न विचारता काही निर्णय घेतो, आणि आपल्याला जे भावलं नेमकं तेच त्यात पुसलं जातं. कसं ते बघूया.

पांढरं धुकं राखाडी का होतं?

फ्रेममधला सरासरी उजेड मध्यम राखाडी छटेच्या आसपास आणायचा, हा एक्स्पोजरचा जुना हिशोब. फोन कितीही स्मार्ट झाले तरी हा हिशोब मुळाशी आहेच. रस्त्यावर, घरात तो बरोबर बसतो. पण सगळी फ्रेमच धुक्याने पांढरी असली की फोनला वाटतं, उजेड जास्त झाला. तो कमी करतो, आणि धुक्याचा धूर होतो. केदारेश्वराच्या गुहेत याच्या उलट. तिथला काळोख आणि ते गारठलेलं पाणी बघून आपण गप्प होतो, फोन मात्र ट्यूबलाईट लावल्यासारखी गुहा उजळून टाकतो.

उपाय सोपा आहे. स्क्रीनवर टॅप करा, बाजूला सूर्याचं चिन्ह किंवा स्लायडर येतो. धुक्यात तो थोडा वर न्या, गुहेत खाली. बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. आणि हो, आधी लेन्स पुसा. पावसाळ्यात तिच्यावर बाष्प बसतं. माझ्या १४० पैकी निम्मे फोटो तर त्यानेच गेले होते.

फोनला केशरी उजेड चूक वाटतो

घरातल्या पिवळ्या बल्बखालीही पांढरा शर्ट पांढरा दिसावा, म्हणून फोन रंगांची दुरुस्ती करत असतो. याला व्हाईट बॅलन्स म्हणतात. दुरुस्ती चांगलीच, पण संध्याकाळचा केशरी रंग ही चूक नसते ना! सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोवर जंगलातल्या वणव्यांच्या धुरामुळे आकाश भर दिवसा केशरी झालं होतं. लोकांनी फोन बाहेर काढले, तर फोटोत आकाश राखाडी! इतका केशरी रंग खरा असेल, हे फोनच्या हिशोबात बसतच नव्हतं.

म्हणून सूर्यास्ताला प्रो मोडमध्ये व्हाईट बॅलन्स 'डेलाईट'वर किंवा ५,५०० केल्विनच्या आसपास ठेवा. तो मोड नसेल तर नंतर एडिटमध्ये वॉर्म्थ वाढवा. मात्र डोळ्यांनी जेवढं पाहिलं होतं तेवढंच. सोशल मीडियावरचे जांभळे सूर्यास्त बघून मला तर आता कंटाळा येतो.

एचडीआरचंही असंच. वेगवेगळ्या फ्रेम्स जोडून तो आकाश आणि जमीन दोन्ही स्पष्ट दाखवतो. पण मावळतीला डोंगराची काळी कड पाहून जे वाटतं, ते त्या काळेपणामुळेच वाटतं. तिथे सूर्याजवळच्या आकाशावर टॅप करून एक्स्पोजर खाली घ्या. गवत हिरवंगार आणि आकाश निळंशार करणारं एआय सीन मोडही बंद केलेलं बरं.

कॅमेऱ्याचा निर्णय बदलणं म्हणजे खोटेपणा, असं काहींना वाटतं. अँसेल अ‍ॅडम्सची गोष्ट त्यांनी ऐकायला हवी. १० एप्रिल १९२७ ला योसेमिटीतल्या हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर तो उभा होता, वय २५. जवळ काचेच्या दोनच प्लेट उरल्या होत्या. पिवळा फिल्टर लावून पहिली वापरली आणि लगेच त्याच्या लक्षात आलं, की यात आकाश फिकट येणार, कड्याचा दरारा उतरणार नाही. शेवटच्या प्लेटला त्याने गडद लाल फिल्टर लावला. कृष्णधवल फोटोत लाल फिल्टर निळ्या आकाशाचा उजेड अडवतो, म्हणून आकाश जवळजवळ काळं आलं. तसं ते डोळ्यांना दिसलं नव्हतं, पण तिथे उभं राहून त्याला वाटलं होतं तसंच आलं. 'मोनोलिथ' नावाचा तो फोटो आजही प्रसिद्ध आहे.

आजीचं गाव ठिपक्याएवढं

नोव्हेंबरमध्ये परत गेलो, पाचनईच्या वाटेने. धुकं नव्हतं. कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली पाहिलं आणि छातीत धस्स झालं. (हे झोपूनच करा. काठावर उभं राहून सेल्फी अजिबात नको, आणि फोनची दोरी मनगटात हवीच.) सवयीने ०.५एक्स लावलं, सगळं मावावं म्हणून. मावलं सगळं, पण गाव ठिपक्याएवढं झालं.

अल्ट्रा वाईड लेन्सची ही गंमत आहे. जवळचा दगड ती मोठा करते आणि लांबचा डोंगर बुटका. कड्याचा विस्तार दाखवायला ती छान, पण मला तर गाव हवं होतं! मग २एक्स लावलं. ४८-५० मेगापिक्सेलच्या बऱ्याच फोनमध्ये २एक्स म्हणजे सेन्सरचा मधला भाग असतो, त्यामुळे साधारण १२ मेगापिक्सेलचा स्वच्छ फोटो मिळतो. तिथून पुढे बोटांनी ताणत गेलात तर फोटो नुसता कापला जातो. वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर ३एक्स किंवा ५एक्स वापरा, पण उजेड कमी झाला की काही फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर येतात. खात्री करायची तर टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही, तर दुसराच कॅमेरा चालू आहे.

सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासाने खाली एकेक दिवा लागायला लागला. आकाशात थोडी निळाई होती. गावाचे फोटो घ्यायची हीच वेळ, कारण दिवे आणि आकाश दोन्ही एका फोटोत मावतात. फोन दगडाला टेकवला, तीन सेकंदांचा टायमर लावला. नाईट मोड बऱ्याच फ्रेम्स घेऊन एकमेकींवर बसवतो, हात हलला की दिव्यांच्या रेघा होतात. पहिला फोटो इतका उजळ आला, की रात्रच गायब. एक्स्पोजर खाली घेतलं आणि परत काढला.

घरी आल्यावर तोच एक फोटो आजीला दाखवला. तिने चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ सरकवत राहिली. मला वाटलं, दिव्यांच्या पुंजक्यावर बोट ठेवेल.

"ही सगळी नवीन घरं," ती म्हणाली आणि बोट बाजूच्या काळ्या पट्ट्यावर नेलं. "आमचं घर इथे होतं. तेव्हा लाईट कुठली?"

मी एडिट उघडून तो कोपरा उजळ करायला लागलो, तर माझा हात बाजूला करत म्हणाली, "राहू दे. रात्री असंच असायचं."