मतलई वाऱ्याचा ऋतू

डिसेंबर-जानेवारीत नाशिक रोडला पहाटेचा पारा अनेकदा दहा अंश सेल्सिअसखाली उतरतो, तो निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि सूर्यास्तानंतर झपाट्याने उष्णता गमावणारी जमीन यांमुळे. आणि याच कारणांमुळे सह्याद्रीपलीकडे कोकण किनाऱ्यावर शिडाच्या बोटीतून फिरण्याचा आणि त्या बोटीतच मुक्काम करण्याचा वर्षातला उत्तम काळ सुरू होतो. उत्तर युरोपात हिवाळा लागताच बहुतेक हौशी नौका पाण्याबाहेर काढून झाकून ठेवल्या जातात. कोकणात विश्रांतीचा काळ पावसाळ्याचा आहे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात, आणि यंत्रांपूर्वीच्या काळात मालवाहू पडावांवरचे खलाशी पुढचे सात-आठ महिने तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, हुकमाखाली बोटीवरच राहत, स्वयंपाक करत आणि बंदरामागून बंदर घेत.

या प्रवासाचा आधार म्हणजे दिवसाकाठी पालटणारी वाऱ्यांची जोडी. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, तिच्यावरची जड हवा समुद्राकडे वाहू लागते आणि सकाळपर्यंत टिकते, त्यास मतलई वारा म्हणतात. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून खारा वारा येतो, जो या किनाऱ्यावर बहुधा वायव्येकडून वाहतो. किनारा दक्षिणोत्तर असल्याने मतलई वारा बोटीला बाजूने लागतो, आणि बाजूचा वारा शिडाला सर्वांत सोयीचा असतो. शिवाय जमिनीवरून आलेल्या वाऱ्याला लाटा उठवण्याइतके अंतरच मिळत नसल्याने किनाऱ्यालगतचे पाणी सपाट राहते. म्हणून जाणता नाखवा उजाडण्यापूर्वी नांगर उचलतो, सकाळी उशिरा वारा पडतो तेव्हा स्वस्थ राहतो आणि दुपारचा वायव्य वारा पाठीशी घेऊन दक्षिणेकडे सरकतो. पाच नॉट, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटर, एवढ्या वेगानेही दिवस मावळण्यापूर्वी पुढची खाडी गाठता येते, आणि मुंबईच्या दक्षिणेस अशा जागा थोड्याथोडक्या नाहीत: मुरूड-जंजिरा, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण.

मुक्कामाचे खरे शास्त्र मात्र भरती-ओहोटीत आहे. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक सर्वाधिक होतो, आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे तो सर्वांत कमी राहतो. उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, गोव्याकडे जाताना हा फरक जवळजवळ निम्म्यावर येतो. ओहोटीला तीन मीटर खोल असलेल्या जागी नांगर टाकताना साखळी निदान खोलीच्या पाचपट सोडायची असा नियम पाळला, तर पंधरा मीटर पुरेशी वाटते. पण भरतीने आणखी तीन मीटर पाणी चढणार असेल तर तीच साखळी तीस मीटर लागते, आणि हा हिशेब चुकला तर मध्यरात्री नांगर घसरतो. खाड्यांच्या मुखाशी नदीच्या गाळाने वाळूचे दांडे साचतात. शिडाच्या बोटीला उलटण्यापासून रोखणारा तळाचा जड पंखा, ज्याला कील म्हणतात, तो अशा दांड्यात रुतू शकतो. म्हणून आत शिरायचे ते चढत्या भरतीलाच, म्हणजे रुतलेली बोट वाढत्या पाण्याने सुटते.

अशा बोटीवरील घर लहान आणि शिस्तीचे असते. बोट कलली तरी भांडे सपाट राहावे म्हणून शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते, गोडे पाणी पिण्यासाठी राखून भांडी समुद्राच्या पाण्याने विसळली जातात, आणि हिवाळ्यातील स्वच्छ उन्हामुळे सौर पट्ट्यांवर दिवे व रेडिओ चालू शकतात. अशी नौका बांधण्याचे कौशल्य याच किनाऱ्यावर आहे, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली 56 फुटी ‘म्हादेई’ 2009 मध्ये नौदलात दाखल झाली, आणि नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी 19 ऑगस्ट 2009 ते 19 मे 2010 या काळात, चार बंदरांत थांबत, तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच बोटीतून नौदलाचेच अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 रोजी मुंबईहून निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून 31 मार्च 2013 रोजी परतले.

या ऋतूतही धोके आहेत. मुंबई-रायगडच्या उथळ समुद्रात रोवलेली डोल जाळी रात्री दिसत नाहीत, आणि प्रॉपेलरमध्ये दोर अडकला तर इंजिन निकामी होते. पर्शियन आखाताकडील शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून, येथे वारा नसतानाही, किनाऱ्यावर आदळतात, म्हणून हैदराबादच्या इन्कॉईस या संस्थेचा लाटांचा अंदाज पाहणे आवश्यक ठरते. डिसेंबर 2017 मधील ओखी चक्रीवादळात दक्षिणेकडच्या अनेक मच्छीमार बोटींनी देवगडच्या बंदरात आसरा घेतला होता. हिवाळा म्हणजे निर्धोक समुद्र नव्हे, हे त्या बंदराने तेव्हा पाहिले.

परतीची वेळ ठरवणे हा या प्रवासातील सर्वांत नाजूक निर्णय आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह उत्तरेकडे वाहतो आणि मुंबईकडे येणाऱ्या बोटीला साहाय्य करतो. त्यानंतर तो हळूहळू उलटतो, दुपारचा वायव्य वारा जोर धरतो, आणि मालवणात रेंगाळलेल्या बोटीला वारा व प्रवाह दोन्ही तोंडावर घेत, नागमोडी वळणे घालत उत्तरेला यावे लागते. म्हणून दक्षिणेकडे गेलेली बोट फेब्रुवारीतच माघारी वळवणे शहाणपणाचे ठरते.