समुद्रातली रेघ: समज आणि वस्तुस्थिती

पावसाळ्यात कोकणात उतरलेल्या पुणेकराने दाभोळच्या खाडीच्या मुखाशी हे दृश्य पाहिले असेल: इकडे वाशिष्ठी नदीचे गढूळ पाणी, तिकडे समुद्राचे हिरवट पाणी आणि मधोमध फेसाची रेघ. तापमान किंवा खारटपणा वेगळा असलेले दोन प्रकारचे पाणी जिथे भेटते, त्या पट्ट्याला शास्त्रज्ञ ‘फ्रंट’ म्हणतात. आपण त्याला सागरी आघाडी म्हणू. खुल्या समुद्रात अशा आघाड्या शेकडो किलोमीटर लांब असू शकतात.

गैरसमज १: दोन समुद्रांचे पाणी एकमेकांत मिसळतच नाही.
वस्तुस्थिती: कन्याकुमारीचे, अलास्काच्या आखाताचे व्हिडिओ याच दाव्यासह मोबाइलवर फिरतात. प्रत्यक्षात वारा, लाटा आणि भरती-ओहोटी ते पाणी मिसळतच असतात. जड पाणी हलक्या पाण्याखाली सरकते, त्यामुळे मिसळायला वेळ लागतो. शिवाय नदी किंवा प्रवाह नवे पाणी आणतच राहतो, म्हणून रेघ पुन्हा पुन्हा तयार होते.

गैरसमज २: आघाडी म्हणजे पृष्ठभागावरची रेघ, इतकेच.
वस्तुस्थिती: तिचे खरे काम वर-खाली चालते. आघाडीच्या एका बाजूला पाणी खाली जाते, तर दुसऱ्या बाजूला खोलवरचे पाणी वर येते. तीव्र आघाडीवर हा वेग दिवसाला दहा-वीस मीटर किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. वर येणारे पाणी नायट्रेट, फॉस्फेट असे पोषक क्षार घेऊन येते. सूर्यप्रकाश वरच्या थरात आणि खताचा साठा खाली, ही समुद्राची मोठी अडचण आहे. आघाडी ती काही ठिकाणी सोडवते आणि त्या खतावर सूक्ष्मजीव वाढतात.

गैरसमज ३: सूक्ष्मजीव म्हणजे रोगराई.
वस्तुस्थिती: समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. पृथ्वीवरचे जवळपास निम्मे प्रकाशसंश्लेषण समुद्रात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे वनस्पती प्लवक, करतात. मृत पेशी आणि टाकाऊ पदार्थ कुजवून त्यांचे पुन्हा खत करण्याचे काम जिवाणूंचे. सांडपाण्यातून येणारे रोगजंतू हा वेगळा प्रश्न आहे. तो माणसाने निर्माण केलेला आहे.

गैरसमज ४: आघाडीवर सगळेच सूक्ष्मजीव सारखे वाढतात.
वस्तुस्थिती: तिथे संख्येइतकीच वस्तीही बदलते. उबदार, पोषक क्षार कमी असलेल्या बाजूला प्रोक्लोरोकॉकससारखे अतिसूक्ष्म जीव तग धरतात. त्यांची पेशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. क्षार मिळाले की मोठ्या पेशींचे डायटम हे वनस्पती प्लवक झपाट्याने वाढतात. त्यांना खायला प्राणी प्लवक येतात, विषाणू पेशी फोडतात आणि सांडलेल्या द्रव्यावर जिवाणू पोसले जातात. काही किलोमीटरच्या अंतरात समुद्रातले गाव बदलते.

गैरसमज ५: हा विषय किनाऱ्यावरच्यांचा, पुण्याचा नाही.
वस्तुस्थिती: पुण्यातल्याच पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवून दिले, की पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पती प्लवक सहा दशकांत 20 टक्क्यांपर्यंत घटले आहेत. पृष्ठभाग तापला की हलके, उबदार पाणी झाकणासारखे वर बसते आणि खालचे क्षार वर येईनासे होतात. त्यामुळे जिथे हे झाकण अजून उघडते, त्या आघाड्यांसारख्या जागा जपून अभ्यासायला हव्यात. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे केंद्र उपग्रहाने टिपलेले तापमान आणि हरितद्रव्य यांवरून अशा जागा ओळखते आणि मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, हे मच्छीमारांना कळवते.

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात येणारी तारली डायटम खाऊन वाढते. डायटम वाढतात ते खालून वर आलेल्या क्षारांवर. समुद्र असाच तापत राहिला, तर त्याची झळ आधी डोळ्यांना न दिसणाऱ्या या जिवांना लागेल आणि मग आपल्या ताटाला.