आकाराची गणिती व्याख्या : संगणकसाहाय्यित आरेखन व उत्पादन यांचा परिचय

वस्तूची कल्पना आणि वस्तूची घडण यांना जोडणारा दुवा म्हणून दीर्घकाळ कागदावरील ड्रॉइंगच उपयोगी पडत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने वर्णनात्मक भूमितीची पद्धतशीर मांडणी केली. तेव्हापासून त्रिमिती वस्तूची दोन-तीन दिशांनी दिसणारी दृश्ये सपाट कागदावर नेमकेपणाने मांडण्यास शास्त्रीय आधार मिळाला. तथापि ड्रॉइंग म्हणजे वस्तूचे संपूर्ण वर्णन नव्हे. जाणत्या वाचकासाठी लिहिलेला तो एक निरोप होय. दोन पृष्ठभाग एकमेकांत 'सफाईने' मिळावेत असे आरेखकाने सुचविले, की त्या सफाईचा नेमका अर्थ पॅटर्न करणारा कारागीर आपल्या नजरेने व हाताने ठरवी. निरोपातील उणीव वाचकाच्या अनुभवाने भरून निघे.

संगणकाच्या ठायी असा अनुभव नसतो. त्याला जे सांगितले तेवढेच कळते. म्हणून आरेखन व उत्पादन ही दोन्ही कामे त्याच्याकडे सोपवावयाची, तर आकाराचे वर्णन पूर्ण व निःसंदिग्ध करणे क्रमप्राप्त ठरते. या दृष्टीने पाहता संगणकसाहाय्यित आरेखन म्हणजे कॅड आणि संगणकसाहाय्यित उत्पादन म्हणजे कॅम या दोन स्वतंत्र विद्या नव्हेत. आकाराच्या एकाच गणिती व्याख्येचे ते दोन उपयोग होत. ही व्याख्या कशी सिद्ध झाली आणि ती कोठे अपुरी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. अंकांनी चालणारे यंत्र

काळाच्या क्रमाने पाहता उत्पादनातील संगणक आधी आला, आरेखनातील मागाहून. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरच्या पंखांची पाती तयार होत. पात्याच्या छेदाची वक्ररेषा तपासण्यासाठी धातूचे नमुने लागत, आणि ते करण्यासाठी वक्ररेषेवरील असंख्य बिंदूंचे सहनिर्देशक काढावे लागत. हे गणित पंचकार्डांच्या यंत्रांवर करता येते असे दिसून आल्यावर पुढील विचार स्वाभाविक होता : बिंदू जर अंकांनीच सांगता येतात, तर त्या अंकांनी यंत्रच का चालवू नये? १९४९ मध्ये अमेरिकी वायुदलाच्या साहाय्याने हे काम हाती घेण्यात आले. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्वोमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने ते तडीस नेले. छिद्रित फितीवरील अंक वाचून तीन अक्षांवर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक १९५२ मध्ये झाले.

यंत्र सिद्ध झाले, पण फीत तयार करण्याचे श्रम मोठे होते. कटरच्या मार्गावरील प्रत्येक बिंदू कोणी तरी गणित करून काढावा लागे. डग्लस रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात रचलेल्या 'एपीटी' या भाषेने हा भार हलका केला. रेषा, वर्तुळ, पृष्ठभाग यांची नावे व मापे सांगावयाची, कटरने कोणत्या कडेने जावे हे सांगावयाचे, आणि मधले बिंदू संगणकाने काढावयाचे, अशी तिची रीत होती. तरीही मूळ आकार कागदावरच राहिला. ड्रॉइंग वाचून तो पुन्हा शब्दांत सांगावा लागे, आणि प्रत्येक पुनर्कथनात चुकीस वाव असे.

१९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी आपल्या प्रबंधात 'स्केचपॅड' ही प्रणाली मांडली. प्रकाश-लेखणीने पडद्यावर रेषा काढण्याची सोय हे तिचे दर्शनी रूप झाले. तिचे खरे महत्त्व निराळे आहे. 'या दोन रेषा समांतर असाव्यात' हे बंधन संगणक लक्षात ठेवी, आणि आकृती बदलली तरी ते पाळी. शाईच्या रेषेला शेजारच्या रेषेशी असलेले आपले नाते ठाऊक नसते. येथे ते नातेच आकृतीचा भाग झाले.

२. वक्ररेषेचा प्रश्न

रेषा व वर्तुळे यांनी यंत्राचे पुष्कळसे भाग वर्णन करता येतात. मोटारगाडीचे अंग मात्र येत नाही. तेथे आरेखक लवचीक पट्टी वाकवून वक्ररेषा काढीत. तीवरून नमुने व नमुन्यांवरून साचे होत, आणि प्रत्येक टप्प्यावर आकार किंचित बदले. खरा आकार कोणता, ड्रॉइंगमधील, नमुन्यातील की साच्यातील, याचा निर्णय देणारे एकही प्रमाण नसे. हा प्रश्न फ्रान्समध्ये दोघांनी स्वतंत्रपणे सोडविला : सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास, आणि रेनो कंपनीत पियेर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात. सिट्रोएनने आपले काम गुप्त ठेवल्यामुळे ही वक्ररेषा बेझिए यांच्या नावाने ओळखली जाते. मात्र ती काढण्याची सर्वांत सुबोध कृती द कास्तेल्जो यांची आहे.

उदाहरणार्थ, (०,०), (२,४), (६,४) व (८,०) हे चार नियंत्रक बिंदू घ्यावेत. लागोपाठच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषांचे मध्यबिंदू (१,२), (४,४) व (७,२) हे येतात. यांचे मध्यबिंदू (२.५,३) व (५.५,३), आणि त्या दोहोंचा मध्यबिंदू (४,३). हा वक्ररेषेवरील मधला बिंदू होय. मध्याऐवजी प्रत्येक वेळी रेषेचा एकतृतीयांश वा अन्य कोणताही एकच भाग घेतला, की वक्ररेषेवरील दुसरा बिंदू मिळतो. सारांश, केवळ पुनःपुन्हा प्रमाणात विभागणी करून संपूर्ण वक्ररेषा सिद्ध होते.

या कृतीतून तीन गुण निघतात. वक्ररेषा पहिल्या व शेवटच्या बिंदूतून जाते, आणि तेथे ती बाजूच्या रेषांना स्पर्श करते. ती नियंत्रक बिंदूंच्या बहिर्वक्र आवरणाबाहेर कधीही जात नाही. बिंदू फिरविले वा सरकविले, की वक्ररेषाही तशीच फिरते वा सरकते. आरेखकाला गणित न करता आकार हाताळता येतो, तो या गुणांमुळे. वरील उदाहरणात दुसरा बिंदू (२,४) वरून (२,८) वर नेला, तर मधला बिंदू (४,३) वरून (४,४.५) वर जातो. परंतु याच उदाहरणात एक दोषही दडलेला आहे : एक बिंदू हलविला असता टोके वगळता सगळी वक्ररेषा हलते. म्हणून पुढे बी-स्प्लाइन वक्ररेषा प्रचारात आल्या. त्यांत एका बिंदूचा परिणाम मर्यादित भागापुरता राहतो. बहुपदींनी वर्तुळ तंतोतंत काढता येत नाही. त्यासाठी परिमेय रूप घ्यावे लागते. हे दोन्ही गुण एकत्र असलेले 'नर्ब्स' हे रूप आज बहुतेक सर्व प्रणालींत आढळते.

३. रेषांकडून घनाकडे

वस्तूच्या सर्व कडा ज्ञात असल्या म्हणजे वस्तू ज्ञात झाली असे नव्हे. तारांच्या सांगाड्याप्रमाणे दिसणाऱ्या आकृतीत कोणत्या कडांमध्ये पृष्ठभाग आहे व कोठे पोकळी आहे, हे पुष्कळदा ठरविता येत नाही. घन वस्तूची कसोटी अशी : अवकाशातील कोणताही बिंदू दिला असता तो वस्तूच्या आत, बाहेर की सीमेवर आहे, याचे उत्तर देता आले पाहिजे. या कसोटीस उतरणाऱ्या दोन पद्धती १९७० नंतरच्या दशकात विकसित झाल्या. केंब्रिज येथे इयन ब्रेड यांनी वस्तूचे वर्णन तिच्या सीमेने, म्हणजे पृष्ठे, कडा व शिरोबिंदू आणि त्यांचे परस्परसंबंध यांनी केले. रॉचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होल्कर व अरिस्टिडीस रेकिशा यांनी ठोकळा, वृत्तचिती इत्यादी मूळ आकारांची बेरीज, वजाबाकी व छेद यांनी वस्तू रचली. घनाची व्याख्या सिद्ध झाली की वजन, गुरुत्वमध्य, दोन भागांची परस्परांत होणारी घुसखोरी हे सारे गणिताने मिळते. १९८८ मध्ये बाजारात आलेल्या 'प्रो-इंजिनिअर' या प्रणालीने भोक, खाच, गोलाई अशा घटकांची मापे परस्परांशी बांधली. त्यायोगे एक माप बदलले की त्यावर अवलंबून असलेला सर्व आकार आपोआप नवा होऊ लागला.

४. आकाराकडून कटरच्या मार्गाकडे

आता कॅमचा भाग. गोल टोकाच्या कटरने पृष्ठभाग कापताना कटरचे केंद्र पृष्ठभागापासून त्याच्या त्रिज्येइतक्या अंतरावर, लंबदिशेने ठेवावे लागते. शेजारशेजारच्या दोन मार्गांमध्ये धातूची बारीक वरंब उरते. कटरची त्रिज्या 'त्रि' व दोन मार्गांतील अंतर 'अं' असल्यास सपाट भागावर वरंबेची उंची सुमारे अं² ÷ ८त्रि इतकी येते. ५ मिलिमीटर त्रिज्येचा कटर १ मिलिमीटर अंतराने चालविला, तर ही उंची १ ÷ ४० म्हणजे ०.०२५ मिलिमीटर होते. अंतर निम्मे केले, की उंची चतुर्थांश, म्हणजे ०.००६२५ मिलिमीटर होते. परंतु मार्गांची संख्या, आणि तिच्याबरोबर यंत्राचा वेळ, दुप्पट होतो. गुळगुळीतपणाची किंमत अशा रीतीने आधीच मोजता येते.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष अंतर्गोल कोपऱ्यांविषयी आहे. आरेखकाने आतल्या कोपऱ्यास २ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिली, तर ५ मिलिमीटर त्रिज्येचा कटर तेथे पोहोचू शकत नाही. बळेच नेल्यास तो लगतचा भाग खाऊन टाकील. तेथे लहान कटर हवा. लहान कटर खोल खाचेत वाकतो, म्हणून त्याची गती कमी ठेवावी लागते. पडद्यावर क्षणात लिहिलेला '२' हा अंक यंत्रावर कित्येक तासांचा निर्णय ठरू शकतो. आरेखक व यंत्रचालक यांनी एकाच आकाराकडे एकाच वेळी पाहावे, हा नव्या वस्तूच्या विकसनातील कॅड-कॅमचा मुख्य लाभ होय. बोइंग ७७७ या विमानाचे भाग प्रत्यक्ष करण्यापूर्वी संगणकातच जोडून पाहण्यात आले. त्याचे पहिले उड्डाण १९९४ मध्ये झाले.

५. व्याख्येच्या मर्यादा

एवंच, आकाराची व्याख्या पूर्ण झाली म्हणजे वस्तूची व्याख्या पूर्ण झाली काय? तसे म्हणता येत नाही. कोल्हापूरच्या ओतशाळांत एखाद्या भागाची प्रतिकृती संगणकातून आली, तरी ती जशीच्या तशी पॅटर्नची प्रतिकृती होत नाही. करडे बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न मोठा हवा. तो वाळूतून निघावा म्हणून उभ्या बाजूंना उतार हवा. यंत्रकामासाठी जादा धातू हवा. तसेच ४० मिलिमीटर व्यासाचे भोक गणितात नेमके ४० असते, कारखान्यात कधीच नसते. किती फरक चालेल, म्हणजे टॉलरन्स किती, हे आकारात नसते. ते वस्तूच्या उपयोगावरून माणसानेच ठरवावे लागते.

दुसरी मर्यादा देवाणघेवाणीची. एका प्रणालीतील व्याख्या दुसरीत नेताना तिच्यातील बंधने व नाती बहुधा गळून पडतात. 'स्टेप' या नावाने ओळखले जाणारे आयएसओ १०३०३ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ पासून याच अडचणीसाठी प्रसिद्ध होऊ लागले. ही अडचण किती महाग पडते हे एअरबस ए३८० च्या इतिहासावरून दिसते. त्या विमानात सुमारे ५३० किलोमीटर विद्युत्-तारा होत्या. हॅम्बुर्ग व तुलूझ येथील आरेखक एकाच प्रणालीच्या दोन भिन्न आवृत्त्या वापरीत होते. २००६ मध्ये, जोडणीच्या वेळी, तारांचे जुडगे नेमून दिलेल्या जागी बसेनात. विमान लांबणीवर पडण्याच्या कारणांत याचा मोठा वाटा होता. पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये ग्राहकाच्या स्वाधीन झाले.

या उदाहरणात गणित चुकले नव्हते. व्याख्या एक आहे हे गृहीत चुकले होते. जुन्या ड्रॉइंगमधील उणीव कारागिराला दिसे, आणि तो येऊन विचारी. संगणकातील प्रतिकृती मात्र सर्वांगपूर्ण भासते, म्हणून तिच्यातील उणीव कोणी विचारीत नाही. या विषयाच्या अभ्यासकाने प्रणालीच्या आज्ञा शिकाव्यातच. परंतु कोणत्याही प्रतिकृतीपुढे त्याने प्रथम तीन प्रश्न ठेवावेत. हिच्यात काय सांगितलेले आहे? काय सांगितलेले नाही? आणि जे सांगितलेले नाही, ते कारखान्यात कोण ठरविणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याचे आरेखन पडद्यावर कितीही पूर्ण दिसले तरी अपुरेच समजावे.