गरज असेल तेव्हाच बोला

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाशी एका तालात आले. तेव्हापासून कोयनेचे आणि केरळातल्या इडुक्कीचे जनित्र एकाच ५० हर्ट्झला बांधलेले आहे. त्यासाठी निरोप धाडावे लागत नाहीत. जे यंत्र पुढे सटकू पाहते त्याच्यावर भार वाढतो, मागे रेंगाळते त्याचा हलका होतो. तारच सांभाळून घेते.

ख्रिस्तियान हायगेन्सने १६६५ साली एका आधाराला टांगलेल्या दोन घड्याळांत हेच पाहिले होते. १९७५ मध्ये योशिकी कुरामोतो यांनी त्याला गणिती रूप दिले: परस्परांवरचा प्रभाव ठरावीक मर्यादेबाहेर गेला की विखुरलेली आंदोलने जुळू लागतात. पेकोरा आणि कॅरल यांनी १९९० मध्ये बेभरवशाच्या, केऑटिक प्रणालीही जुळवून दाखवल्या. या सिद्धान्तांत बहुतेकदा एक गोष्ट गृहीत असे: शेजाऱ्याची खबर अखंड मिळते.

ड्रोनच्या थव्याला ती चैन परवडत नाही. बॅटरी तोकडी, रेडिओची वाट अरुंद. ठरल्या वेळी निरोप पाठवणे ही जुनी रीत. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातील ऑस्ट्रॉम आणि बर्नहार्डसन यांनी १९९९ मध्ये एका साध्या प्रणालीवर हिशेब मांडला: चूक मर्यादेबाहेर गेल्यावरच हस्तक्षेप केला, तर तेवढ्याच सरासरी हस्तक्षेपांत चुकीचे विचरण एक तृतीयांशावर येते. पाउलो ताबुआदा यांनी २००७ मध्ये अशा नियमांना स्थैर्याची हमी दिली. दिमारोगोनास आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये निरोप कधी धाडायचा हा निर्णय जाळ्यातल्या घटकांच्या हाती सोपवला.

एका ड्रोनपुरते पाहू. त्याच्याकडे दोन आकडे असतात: आत्ताचा वेग आणि शेजाऱ्यांना शेवटचा कळवलेला वेग. त्यांतला फरक शेजाऱ्यांशी असलेल्या तफावतीच्या ठरावीक हिश्शापलीकडे गेला, की नवा निरोप. मात्र थवा जुळत आला की ही मर्यादाही आक्रसते आणि क्षणार्धात असंख्य निरोप सुटण्याचा धोका उभा राहतो. ग्रीक तत्त्वज्ञ झेनोच्या नावाने तो ओळखला जातो. मर्यादेत छोटा स्थिरांक मिळवला तर तो टळतो, पण मग ताल तंतोतंत जुळत नाही, जवळपास जुळतो. आंतोआन जिरार यांनी २०१५ मध्ये दुसरी वाट सुचवली: चूक कमी असताना शिल्लक साठवायची, वाढली की ती खर्चायची.

खरी मेख मौनात आहे. कागदावर निरोप आला नाही म्हणजे सगळे आलबेल. प्रत्यक्षात रेडिओ बंद पडला तरी मौनच असते. म्हणूनच वीजजाळ्यावर नजर ठेवणारी फेजर मापके काही घडो न घडो, सेकंदाला २५ किंवा ५० नोंदी पाठवत राहतात. किती निरोप वाचले याचे आलेख शोधनिबंधांत हटकून असतात. एक निरोप हरवला तर काय होते, हा रकाना त्यांच्याशेजारी हवा. दोन्ही भरल्याशिवाय ही काटकसर खरी किती, हे ठरत नाही.