दोन शिलिंगांचं भोक

३,००,००० पौंड. १६६२ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या खर्चाची तोंडमिळवणी करताना वर्षाला साधारण एवढी रक्कम कमी पडत होती. पार्लमेंटनं ती काढायची ठरवली लोकांच्या चुलीतून. घरातल्या दर चुलीमागे, दर शेकोटीमागे वर्षाला २ शिलिंग. निम्मे २५ मार्चला, निम्मे २९ सप्टेंबरला.

आता हिशेब मांडून पाहा. पौंडाचे २० शिलिंग. म्हणजे हवेत ६० लाख शिलिंग, म्हणजेच ३० लाख चुली. आणि देशात माणसंच होती ५० लाखांच्या आसपास! घरं साधारण १३ लाख. खेड्यातल्या बहुतेक घरांत चूल एकच. तिच्यावरच रांधायचं, तिच्याच उबेला हिवाळा काढायचा. त्यात अगदी गरिबांना माफी. मग ३० लाख चुली आणायच्या कुठून? पहिली वसुली अपेक्षेच्या जवळपासही फिरकली नाही.

मग कायदाच उंबरा ओलांडून आत आला. वसुलीवाला कॉन्स्टेबलला घेऊन घरात शिरायचा आणि खोल्याखोल्यांतून चुली मोजायचा. कर चुकवायला कुणी चूल बुजवली तर आकारणी दुप्पट. शेतमजुराला दिवसाचा जेमतेम १ शिलिंग मिळे, म्हणजे एका चुलीपायी दोन-तीन दिवसांची मजुरी गेलीच.

पाव भाजायची भट्टीसुद्धा यातून सुटली नव्हती. ऑक्सफर्डशायरमधलं चर्चिल हे एक खेडं. १६८४ साली तिथल्या एका पाववाल्या बाईनं हा चुलीचा कर वाचवायला भिंतीला भोक पाडलं आणि आपल्या भट्टीचा धूर शेजाऱ्याच्या धुराड्यात सोडला. वाचणार किती होते? वर्षाला २४ पेनी. महिन्याला दोन.

त्या भोकानं आग लागली. २० घरं जळाली. ४ माणसं गेली.

मला त्या बाईचा राग येत नाही. महिन्याच्या दोन पेनींसाठी जिला भिंत फोडावी लागली, तिच्या घरात पैसा कसा मोजला जात असेल, हेच मनात येत राहतं.

गाव पुन्हा उभं राहिलं ते वरच्या चढावर, दगडी घरांचं. त्या नव्या घरांतल्या चुलींवरही कर होताच. तो उठला १६८९ साली.