इंधनाची सांखळी व धोरणाची अनिश्चितता

महाड-पोलादपुरांतील घरांत सकाळीं चहाचें आधण ठेविलें जातें, तेव्हां त्या ज्योतीमागें केवढा प्रवास आहे याचा विचार आपण क्वचितच करितों. आपल्या देशांत स्वयंपाकास लागणारा निम्म्याहून अधिक गॅस परदेशांतून, मुख्यत्वें पश्चिम आशियांतून, जहाजानें येतो. पुढें तो सिलिंडरांत भरून ट्रकानें आपल्या गांवीं पोंचतो. या सांखळीची एक कडी निसटली कीं चूल थंडावते.

कडी दोन प्रकारांनीं तुटते. पहिला प्रकार आपल्या पालकांनीं पाहिलेला आहे. ता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीच्या पुरांत मुंबई-गोवा रस्त्यावरील जुना दगडी पूल कोसळला आणि दोन एस. टी. गाड्यांतील प्रवाशांस जलसमाधि मिळाली. दुःख दारुण होतें. परंतु पुढें काय करावयाचें हें सर्वांस स्पष्ट होतें. जून २०१७ मध्यें नवा पूल खुला झाला.

दुसरा प्रकार डोळ्यांस दिसत नाहीं. येथून नैर्ऋत्येस, गुहागर तालुक्यांत खाडीकांठीं उभा असलेला दाभोळचा वीज-प्रकल्प त्याचें ठळक उदाहरण होय. १९९३ सालीं राज्य वीज मंडळानें वीजखरेदीचा करार केला. १९९५ मध्यें सत्तांतर होऊन तो रद्द झाला. १९९६ मध्यें नव्या अटींवर पुन्हा जुळला. १९९९ मध्यें ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर चालूं लागला. पण वीज महाग पडल्यानें तंटा माजला व २००१ मध्यें यंत्रें थांबलीं. त्याच डिसेंबरांत एन्रॉन ही मूळची अमेरिकन कंपनी दिवाळखोरींत गेली. (महाग करार मुकाट्यानें पाळावयास हवा होता असें आमचें म्हणणें नाहीं.) २००६ मध्यें सरकारी कंपन्यांनीं प्रकल्प पुन्हा चालविला. पुढें कृष्णा-गोदावरी खोऱ्यांतील वायु घटला आणि २०१३ च्या अखेरीस यंत्रें दुसऱ्यांदा थांबलीं. वायु कमी पडणें ही भूगर्भाची गोष्ट. उरलेला कोणास आधीं द्यावा, हा मात्र धोरणाचा प्रश्न.

हा अदृश्य धोका मोजण्याचा अर्थशास्त्रज्ञांचा यत्न आहे. बेकर, ब्लूम व डेव्हिस यांनीं २०१६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत अमेरिकेंतील दहा वृत्तपत्रें घेऊन, अर्थव्यवहार, अनिश्चितता व धोरण या तिन्ही विषयांचे शब्द एकत्र आलेले लेख किती, हें मोजलें. हें आम्हांस प्रथम पोरखेळ वाटलें; परंतु असे लेख वाढले कीं सरकारी निर्णयांवर अवलंबून असणारे कारखानदार हात आंखडता घेतात, असें त्यांस आढळलें. याचें कारण डिक्सिट व पिंडिक यांनीं १९९४ सालींच विशद केलें होतें: जो खर्च परत फिरवितां येत नाहीं, तो करण्यापूर्वीं थांबून पाहण्यासही मोल असतें. मृगाचें आभाळ पाहून शेतकरी पेरणी लांबवितो, तसेंच हें. आतां हीच रीति तेल, वायु व वीज यांच्या पुरवठ्यास लावून पाहण्यांत येत आहे. मात्र वृत्तपत्रांत छापून येते ती राजधानीची चिंता. पोलादपूरच्या गृहिणीची चिंता या मापांत कोठें बसते, असा प्रश्न आम्हांस पडतो.

थांबण्याचें फळ दाभोळास समुद्रांतच दिसत असे. तेथें द्रवरूप वायु उतरविण्याचा धक्का २०१३ मध्यें सुरू झाला. परंतु लाटा अडविणारा बांध मागील गोंधळांत अर्धवट राहिलेला होता. त्यामुळें पुढें कित्येक वर्षें पावसाळ्यांत तेथें वायूचें जहाज लागत नसे. आणि कोंकणचा पावसाळा चार महिन्यांचा.